जुनी डिझेल गाडी तापली की सेल्फ घेत नाही, आणि हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा वर जातो

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी.

गाडी २००६ ची. सात सीटर, डिझेल, जुना मेकॅनिकल पंप, ॲक्सिलरेटर केबलचा. मीटरवर २ लाख १४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली कोणती गाडी भारी यावर भांडणं लागतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

त्रास असा आहे. सकाळी गाडी अर्ध्या चावीत चालू होते. दुपारी ऊन चढलं, तीस-चाळीस किलोमीटर चालवली आणि कुठे पंधरा मिनिटं थांबलो की चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. परत ‘टक्’. दहा वेळा केलं की कधी घेते, कधी नाही. अर्धा-पाऊण तास लिंबाखाली उभी राहिली की काही झालंच नव्हतं अशी सुरू.

मागच्या महिन्यात चोपड्याला चुलतसाल्याचं लग्न होतं. बाहेर ४४ डिग्री. जेवणं झाली, सगळे गाडीत बसले आणि मंडपासमोरच ‘टक्’. वऱ्हाडातल्या आठ जणांनी धक्का मारला, त्यात नवरदेवाचे मामाही होते, फेट्यासकट. सासूबाई मधल्या सीटवरून उतरल्या नाहीत. “जावईबापू, ही गाडी आता देऊन टाका कोणाला तरी,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून हे प्रकरण इज्जतीचं झालंय.

आतापर्यंतचा खर्च: नवी बॅटरी साडेसहा हजार, काडीचा फरक नाही. मग सेल्फ खोलून कार्बन, बुश, सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) नवीन, २८०० रुपये. आठ दिवस बरी चालली, परत तेच. आता मिस्त्री म्हणतो डायनामो बदला.

दुसरी गंमत टेम्परेचरच्या काट्याची. एरवी मध्यावर असतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की बोटभर वर उडी मारतो, तीही लगेच. बंद केलं की खाली. रात्री फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढताना पार लाल पट्टीला टेकला. घाबरून थांबवली, बोनेट उघडलं, तर ना वाफ, ना वास, ना पाणी बाहेर आलेलं.

तिसरं किरकोळ आहे. पहिला टाकून क्लच सोडला की खालून ‘खट्’ वाजतं.

दिवाळीच्या आधी क्लचप्लेट बदलली होती. तिचा याच्याशी संबंध नसेल, पण सांगून ठेवतो.

मी मेकॅनिक नाही. शेतातल्या मोटरचा स्टार्टर, फ्यूज, कट-आउट इतपत हात चालतो. घरी मीटर आहे.

हायवे_राजा

वीस वर्षांची गाडी आहे, किती दिवस ओढणार? विकून टाका, पेट्रोल घ्या. पैसे जळतील नुसते.

केळीवाला_सावदा

दादा, बागेतल्या पाण्याच्या पाटातून पेट्रोल गाडी नेऊन दाखवा, लगेच घेतो. २०२१ ला पासिंग पाच वर्षांनी वाढवून घेतलंय, तेवढं तरी वसूल होऊ द्या.

आपला_धुळेकर

बॅटरी बदली, सेल्फ खोला, आते डायनामो. मंग गाडीच बदली टाक ना भो!

चेष्टा सोडा. डायनामो बदलण्याआधी त्याच्या मागे बघा. या जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनामोच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. मधली सील गेली की ऑइल डायनामोत उतरतं, कार्बन ब्रश चिकटतात, चार्जिंग कमी होतं. माझ्या गाडीत तसंच झालं होतं. खूण अशी की चार्जिंगचा लाल दिवा रात्री अगदी मंद पेटलेला दिसतो, दिवसा कळतही नाही. सोबत ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. लळिंगच्या उतारावर ते पेडल पायाला लागलं ना, तेव्हा सगळे देव आठवले होते मला.

ब्रेक नरम आहे का? डायनामोच्या बुडाशी काळं ऑइल दिसतंय का? तेवढं दखा पहिले, मग पैसे काढा.

केळीवाला_सावदा

ब्रेक नेहमीसारखाच आहे. डायनामोवर धूळ भरपूर, पण ती कोरडी. ऑइल नाही. लाल दिवा रात्री अंधारात नीट पाहिला, पूर्ण विझलेला असतो.

निवृत्त_वायरमन

केळीवाले भाऊ, एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं वायरिंग केलं, आता भुसावळला घरी असतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. ‘संबंध नसेल’ म्हणून जी ओळ टाकलीत, माझी नजर तिथेच अडकली आहे.

आधी काट्याचं बोलू. इंजिनाचं एवढं लोखंड आणि त्यातलं एवढं पाणी बटण दाबल्याबरोबर तापत नाही, आणि बटण बंद केल्याबरोबर निवत तर मुळीच नाही. त्यामुळे काटा हेडलाइटच्या बटणावर नाचत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांना सध्या हात लावू नका.

टेम्परेचरचा सेन्सर इंजिनात आटे पाडून बसवलेला असतो. त्याला वायर एकच. त्याची निगेटिव्ह म्हणजे खुद्द इंजिन. आणि इंजिन बसलंय रबरी फाउंडेशनवर, रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी दिलेली असते. ती पट्टी गंजली, ढिली झाली किंवा रंगावर बसवली की हेडलाइट-ब्लोअरचा करंट डायनामोकडे परत येताना तिथे अडतो. बॉडी आणि इंजिन यांच्यात अर्धा-एक व्होल्टचा फरक पडतो, तो सेन्सरच्या वायरीला जास्तीचा मिळतो आणि काटा वर चढतो. लोड जितका जास्त तितका काटा वर. घाटात रात्री तुमचे हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू असणार.

आता सेल्फ. हेडलाइट-ब्लोअर मिळून पंचवीस-तीस अँपिअर घेत असतील. डिझेलचा सेल्फ शे-दोनशे ओढतो, आणि तोही सगळा याच पट्टीतून परत जातो. सकाळी कसंबसं भागतं. दुपारी बोनेटखाली सगळं तापलेलं असतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर १० डिग्रीला साधारण ४ टक्के वाढतो, म्हणजे ६० डिग्रीचा फरक पडला की जवळजवळ पाव पट जास्त. सेल्फचं कॉपर तापलेलं, सोलेनॉइडची कॉइल तापलेली, सांधा आधीच खराब. सोलेनॉइड ‘टक्’ करतो, पण आर्मेचर फिरवायला जोर उरत नाही. सेल्फ नवा केल्यावर आठ दिवस बरं का चाललं? नव्या कार्बन-बुशवर तो हलका फिरत होता, म्हणून.

आणि क्लचप्लेट. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकून गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कवचाच्या, बोल्टवर असते. उतरवताना ती काढतात. चढवताना संध्याकाळ झालेली असते, पोरगं थकलेलं असतं. पुढचं तुम्ही समजा.

पण माझ्या म्हणण्यावर एक रुपयाही खर्च करू नका. मीटर आहे ना? डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून बाजूला टेप लावा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. गाडी तापलेली असतानाच करा, थंडीत आजार लपतो. चावी दुसऱ्याला धरायला सांगा आणि सेल्फ मारताना मोजा: बॅटरीच्या दोन खुंट्यांवर किती, मग निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा कोरा धातू किती, निगेटिव्ह खुंटी ते चेसिस किती, पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट किती. मीटरची काडी शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. नंतर वायर जोडून गाडी चालू करा, हेडलाइट-ब्लोअर लावा आणि डायनामोच्या जाड बोल्टपासून त्याच्याच अंगापर्यंत किती, बॅटरीवर किती, इंजिन ते चेसिस किती, तेही लिहून टाका.

आकडे आल्यावर बोलू.

केळीवाला_सावदा

काका, आज दुपारी रावेरला जाऊन आलो, अंगणात लावली आणि तशीच तापलेली असताना मोजलं. भाचा चावीवर. पहिल्या दोन वेळा त्याने माझा हात फॅनजवळ असतानाच चावी फिरवली, तर त्याला आधी मोजायची पद्धत शिकवावी लागली. असो.

बॅटरी आराम करताना १२.४.
सेल्फ मारताना दोन खुंट्यांवर १०.६.
निगेटिव्ह ते इंजिन २.९. दोनदा मोजलं, तेच.
निगेटिव्ह ते चेसिस ०.१.
पॉझिटिव्ह ते सेल्फ ०.३.

गाडी चालू, सगळं लावून: डायनामोवर १४.३, बॅटरीवर १३.२, इंजिन ते चेसिस ०.९.

आणखी एक सांगायचं. मोजताना मनगट ॲक्सिलरेटरच्या केबलला लागलं आणि चटका बसला. सायलेन्सर तिच्यापासून लांब आहे. नीट पाहिलं तर केबलचं काळं प्लास्टिक एका जागी वितळून चकाकतंय. हे काय प्रकरण?

निवृत्त_वायरमन

प्रकरण संपलं म्हणा.

चांगल्या गाडीत निगेटिव्ह ते इंजिन ०.२, फार तर ०.३ असतो. तुमच्याकडे २.९. बॅटरीच्या १०.६ मधून २.९ वजा, पॉझिटिव्ह बाजूचे ०.३ वजा, सेल्फच्या हातात उरतात ७.४. त्यात तापलेला सेल्फ काय फिरणार? बॅटरी ते चेसिस ०.१ आहे, म्हणजे ती केबल निर्दोष. चोर चेसिस आणि इंजिन यांच्या मधेच आहे.

डायनामोही ठणठणीत आहे, १४.३ देतोय. बॅटरीला पोहोचतात १३.२. म्हणजे नवी बॅटरीसुद्धा रोज अर्धपोटी झोपते. तुमची जुनी बॅटरीही बहुतेक याच उपासाने गेली.

केबलचा चटका ऐकून मात्र मला घाम आला. करंटला परत जायला वाट लागतेच. पट्टीने अडवलं की तो दुसरीकडून घुसतो: ॲक्सिलरेटरची केबल एका टोकाला इंजिनला, दुसऱ्या टोकाला बॉडीला. सेल्फचा करंट त्या बारीक पोलादी तारेतून जातो आणि ती हीटरसारखी तापते. आतलं अस्तर वितळून केबल अडकली तर ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहील. घाटात ते नको. पट्टीबरोबर ती केबलही बदला, आणि तोवर गाडी लांब नेऊ नका.

पट्टी बसवेपर्यंत अडलीच तर जम्प केबलची एक तार घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पट्टे-पंख्यापासून लांब. सेल्फ लगेच घेईल. हा पुरावाही आणि तात्पुरता इलाजही.

आपला_धुळेकर

काका, दंडवत. मी माझा डायनामो घेऊन गुपचूप बाजूला होतो.

केळीवाला_सावदा

आज सकाळी गाडी ओट्यावर चढवून खाली शिरलो. पट्टी सापडली. गिअरबॉक्सकडचं टोक ठीक होतं. चेसिसकडचा बोल्ट घट्ट होता, पाना लावला तर हललासुद्धा नाही. म्हणून आधी वाटलं, काका चुकले. मग बोल्ट काढला. पट्टीच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या भोकाच्या चकतीखाली, धातू नव्हताच, डांबरासारख्या काळ्या रंगाचा जाड थर. गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जो फवारा मारतात, तोच. आधी फवारा मारला आणि त्याच्यावर पट्टी आवळली. फक्त बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढा जात होता. पट्टी वाकवली तर निम्म्या तारा हिरव्या पडलेल्या, बोटात पावडर होऊन आल्या.

कोणत्या गॅरेजात झालं ते लिहीत नाही. तिथलं पोरगं ओळखीचं आहे, आणि मी स्वतः त्याला त्या दिवशी “अंधार पडायच्या आत दे” म्हणून घाई केली होती.

फैजपूरला वेल्डिंगच्या दुकानातून ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल हातभर आणली, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून घेतले. २६० रुपये. चेसिसवरची जागा काचकागदाने चांदीसारखी घासली, दातेरी वायसर टाकला, आवळून वरून व्हॅसलिन थापलं. केबल जरा सैल ठेवली, इंजिन हलतं म्हणून. ॲक्सिलरेटरची केबलही नवी टाकली. जुनी ओढून पाहिली तर मधे करकर करत होती.

दुपारी दीड वाजता, गाडी तापवून: निगेटिव्ह ते इंजिन ०.१५. सगळं लावून बॅटरीवर १४.१. हेडलाइट लावतो, काढतो, परत लावतो, काटा जागचा हलत नाही. भाचा म्हणाला, “मामा, बिघडला वाटतं काटा.”

निवृत्त_वायरमन

झकास. वेल्डिंगची केबल मूळ पट्टीपेक्षा सरस आहे. मिस्त्र्यावर राग धरू नका, आमच्याकडेही बॉडी रंगवून आली की पहिले चार दिवस याच तक्रारी असायच्या. एक दिवा लावला की दुसरा पेटायचा.

आता काटा खरं बोलतोय, तर एकदा घाट चढून बघा. आधी तो खोटं बोलत होता म्हणून गाडी तापतच नव्हती असं काही नाही.

केळीवाला_सावदा

काका, तुमच्या तोंडात साखर पडो की काय पडो, कळत नाही. रविवारी सातपुड्यातल्या पालला गेलो होतो, पाच माणसं, एसी चालू. चढावर काटा हळूहळू, दमादमाने मध्याच्या वर गेला आणि वर आल्यावर हळूहळूच उतरला. आता हा खरा दिसतो.

जिनिंगवाला_बोदवड

इथे मी बोलू शकतो. केळीवाले भाऊ, कापसाच्या दिवसांत गाडी जिनिंगकडे फिरते का? आमच्या भागातल्या गाड्यांत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत रुई बसते. त्यावर धूळ, त्यावर पावसाळ्यातले किडे. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. वरचे दोन बोल्ट काढून कंडेन्सर बोटभर पुढे ओढा आणि मधे टॉर्च मारा. माझ्या गाडीतून अक्षरशः उशीची रुई निघाली होती.

पाणी इंजिनकडून बाहेरच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला तसा परत जाईल. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून नको, पाती दुमडतात. बागेचा साधा पाइप पुरे.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत असाल तर आजच बंद करा. आपल्याकडचं बोअर म्हणजे क्षार, किटलीत थर धरतं तसंच आत धरतं. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. टोपणाचं रबरही बघा. ०.९ बारचं टोपण नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही. रबर चिरलेलं असेल तर ते शंभरलाच उकळणार. टोपण गार गाडीवरच उघडा, हे सांगायला नको, पण माझ्या हातावर डाग आहे म्हणून सांगतो.

केळीवाला_सावदा

बोअरचंच पाणी होतं. गप्प बसतो.

रुई निघाली. उशीची नाही, पण बाळाच्या दुपट्याएवढी तरी होती. आत केळीच्या वाळलेल्या पानांचा भुगाही होता. टोपणाचं रबर बशीसारखं वाकलेलं, बदललं. दोनदा साध्या पाण्याने धुतलं तर आधी चहासारखं, मग ताकासारखं पाणी आलं. आता कुलंट आणि डिस्टिल्ड. पाल परत चढलो, काटा मध्यावरून केसभर वर, बस.

राहिलं फक्त ते ‘खट्’.

आपला_धुळेकर

ते मना खातानं काम! प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या जोडातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा. गाडी उभी, चाकांना दगड, न्यूट्रलमध्ये खाली जाऊन शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे पिळा. थोडा खेळ डिफरन्शियलचा असतो, तो चालतो. पण जोडाच्या दोन बाजू वेगवेगळ्या हलल्या की क्रॉस गेला. पाण्याच्या पाटातून गाडी नेता म्हणता, म्हणजे ग्रीस धुऊन गेलं असणार.

काढण्याआधी शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर पेंटने खूण करा, मधल्या सरकत्या जोडावरही. एक दात जरी फिरून बसला तरी साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते आणि मग लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. नव्या क्रॉसला निप्पल असेल तर दर पावसाळ्यानंतर ग्रीस मारा.

केळीवाला_सावदा

मागचाच क्रॉस होता. खुणा करून काढला, पांढऱ्या पेंटने, बैलांची शिंगं रंगवून उरला होता तो. चारपैकी एका कपात सुया नव्हत्याच, नुसता लाल भुगा. बाकी तिन्हींत ग्रीसचा थेंब नाही. नवा टाकला, खूण खुणेला लावून बसवला. ‘खट्’ गेलं, साठ-सत्तरलाही थरथर नाही.

उद्या सासूबाईंना चोपड्याला सोडायचंय. त्या म्हणाल्या सकाळी ऊन नसताना निघू. मी म्हटलं, नाही, जेवण करून दुपारी दोनला निघू, आणि वाटेत यावलला अर्धा तास चहाला थांबू.